दूध सोडल्यावर पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते आणि एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. घरचा आहार शाकाहारीच होता. परंतु दुग्धव्यवसायातील नर वासरांच्या वाट्याला काय येते हे वाचल्यानंतर मी दूध, दही, तूप आणि पनीर हे सारे सोडले. सुरुवातीला बदामाचे दूध, टोफू (सोयाबीनचे पनीर) आणि व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीच नसलेले, चीज विकत आणत असे. तो खर्च झेपेना, म्हणून ते बंद केले आणि आता जेवण पोळी, बटाट्याची भाजी आणि वरणभात एवढ्यावर येऊन थांबले आहे. सतत थकवा जाणवतो. आई म्हणते, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. कमी पैशांत हा आहार नीट सांभाळता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : येईल, आणि त्यासाठी बदामाच्या दुधाकडे परत जाण्याची काहीही गरज नाही. तुम्ही महाग वस्तू बंद केल्या हे योग्यच केले. मात्र त्यांच्या जागी काहीच आले नाही, ही खरी अडचण आहे. दोघींसाठी मूठभर तुरीच्या डाळीचे पातळ वरण आणि सोबत बटाटा, या जेवणाने पोट भरते, पण प्रथिनांची गरज भागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, दोन हजार कॅलरींच्या दैनंदिन आहारासाठी 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी व कडधान्ये आणि 35 ग्रॅम तेलबिया व कठीण कवचाची फळे असे प्रमाण दिले आहे. प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे वजन 55 किलो धरले तर सुमारे 46 ग्रॅम. आता हिशोब पाहा : 250 ग्रॅम ज्वारी-गव्हातून साधारण 25 ग्रॅम, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यांतून 18 ग्रॅम आणि 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून 7 ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे पनीर आणि टोफूशिवायच तुमची गरज भागते. महिन्याच्या किराण्याच्या भाषेत सांगायचे, तर एका व्यक्तीमागे साडेसात किलो धान्य, अडीच किलो डाळी व कडधान्ये आणि किलोभर शेंगदाणे. यांपैकी अडीच किलोचा आकडा कधीही कमी करू नका. काटकसर करताना बहुतेक घरांत पहिली कात्री नेमकी तिथेच लागते. तूरडाळ महागली की मटकी, हुलगे, हरभरे, चवळी यांच्याकडे वळावे. सोयाबीनच्या वड्यांत तर निम्म्याहून थोडी अधिक प्रथिनेच असतात आणि प्रथिनांच्या हिशोबाने त्या फार स्वस्त पडतात. डाळ आणि धान्य यांतील अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, एकमेकांची उणीव भरून काढतात, त्यामुळे उसळ-भाकरी किंवा भाजणीचे थालीपीठ हा गरिबीचा नाइलाज मुळीच नाही. तुमच्या आईंनाही हे जरूर सांगा, कारण हे सारे पदार्थ त्यांच्याच स्वयंपाकघरातले आहेत.

दुधाबरोबर कॅल्शियम गेले, त्याची भरपाई मात्र जाणीवपूर्वक करावी लागते. दिवसाला 300 मिलिलिटर दूध घेतले, तर त्यातून साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. जवळपास तेवढेच 50 ग्रॅम नाचणी आणि 15 ग्रॅम तीळ यांत मिळून असते. तिळातले कॅल्शियम शरीरात पूर्णपणे शोषले जात नाही, म्हणून शेवग्याच्या पाल्याची जोड द्यावी. पालकावर यासाठी विसंबू नये, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी डब्यात नेणे तुम्हाला सहज जमेल. जवसाची चटणीही करून ठेवा. ओमेगा-3 मेदाम्लांचा इतका स्वस्त स्रोत दुसरा नाही.

आता जिथे पैसे वाचवू नयेत, ती गोष्ट. ब 12 हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. आंबवलेल्या पिठातून, इडलीतून किंवा न धुतलेल्या भाजीतून ते मिळते असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यावर कृपया विश्वास ठेवू नका. यकृतात त्याचा साठा असल्यामुळे कमतरता उशिरा लक्षात येते, आणि तोवर हातापायांना मुंग्या येण्यापासून मज्जातंतूंच्या कायमच्या इजेपर्यंत मजल जाऊ शकते. तुमचा थकवा यामुळेच आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही. परंतु डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन आणि ब 12 या दोन्ही तपासण्या या महिन्यातच करून घ्या आणि गोळीची मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. हे औषध जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते, त्यामुळे तुमच्या तत्त्वाला बाध येत नाही. फक्त जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी गोळी मागावी, कारण जिलेटिन प्राण्यांपासून मिळते. जनऔषधी केंद्रात जेनेरिक औषधे कमी किमतीत मिळतात, तिथेही चौकशी करा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, दूध घेतो. नववीतल्या मुलीचे हिमोग्लोबिन कमी निघाले आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, पण नातेवाईक रोज डाळिंब, बीट आणि खजूर द्यायला सांगतात. रोज डाळिंब आणणे आम्हाला परवडत नाही. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : डाळिंब आणू शकत नाही याचे जराही वाईट वाटून घेऊ नका. डाळिंबात आणि बिटात लोह अगदी थोडे असते. त्यांच्या लाल रंगामुळे हा समज रुजला आहे. बाजरी, हुलगे, मटकी, अळीव आणि राजगिऱ्याचा पाला हे त्यांहून कितीतरी उपयोगी आणि स्वस्त आहेत. वनस्पतींतील लोह शरीरात कमी शोषले जाते, म्हणून जेवताना लिंबू पिळावे, आवळा किंवा पेरूची फोड द्यावी. कडधान्ये मोड आणून वापरल्यास शोषणाला अडथळा करणारे फायटेट कमी होते. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा देऊ नये, हे तर पैसे न लागणारे औषध आहे. रोज भरपूर दूध घेत असल्यास तेही जेवणाबरोबर नको, कारण कॅल्शियममुळे लोहाचे शोषण घटते.

गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पूर्ण द्या. एकदा कमी झालेले हिमोग्लोबिन केवळ आहाराने लवकर भरून येत नाही. शाळांतून किशोरवयीन मुलांना आठवड्याला एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी आणि ठरावीक काळाने जंतनाशक गोळी मोफत दिली जाते. मुलीला शाळेत ती मिळते का हे विचारा, आणि मिळत असल्यास डॉक्टरांना तसे सांगा.

प्रश्न : आमची सून व्हीगन आहे. ती गुणी आहे, तिला दुखवायचे नाही. पण दोन वेगळे स्वयंपाक करायचे म्हटले की गॅस, वेळ आणि पैसा तिन्ही दुप्पट लागतात. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपली फोडणी तेलाचीच असते, त्यामुळे आमटी, उसळ, पिठले, पालेभाजी हे सारे आधीच तिच्या आहारात बसते. तूप कढईत न घालता ज्याच्या त्याच्या ताटात वाढा. कोशिंबिरीत दही घालण्यापूर्वी तिचा वाटा काढून त्यात दाण्याचा कूट आणि लिंबू घाला. कढीच्या दिवशी सर्वांसाठीच नारळाच्या दुधाची सोलकढी करता येईल. बाहेरून आणलेल्या पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून फसू नका, दुधाची भुकटी असलेल्या पदार्थावरही तो असतोच. घटकांची यादी वाचावी.

दही तिला हवेसे वाटत असेल, तर शेंगदाण्याचे लावा. एक वाटी शेंगदाणे सहा ते आठ तास भिजवून, तीन वाट्या पाण्यासह बारीक वाटून गाळावेत. हे दूध मंद आचेवर ढवळत उकळावे, कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरच्यांचे पाच-सहा देठ बुडवावेत आणि उबदार जागी रात्रभर झाकून ठेवावे. पहिले दही थोडे सैल लागते. त्यातले चमचाभर विरजण म्हणून वापरले की पुढचे चांगले लागते. गाळून उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात मळावा.