नाताळच्या मिस्सेला वडिलांचं नाव दिलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिलाच नाताळ, त्यांच्यासाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) द्यावीशी, म्हणजे ती त्यांच्या नावाने अर्पण व्हावीशी वाटते, पण घरातले मोठे म्हणतात, "ते नोव्हेंबरात झालं की, आता सणात कशाला?" मी वसईचा कॅथलिक. माझं उत्तर : खुशाल द्या.

2 नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे, प्रार्थनेची शेवटची तारीख नव्हे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेतसुद्धा फादर वेदीवर मृतांची आठवण करतातच. आपलं अर्धं लक्ष गाण्यांत आणि अर्धं थंडीत असतं, म्हणून ते कानावरून जातं. 25 डिसेंबरला चालत नाही ती अंत्यविधीची मिस्सा. त्यावरूनच हा गैरसमज झाला असावा. इंटेन्शन, म्हणजे नेहमीची मिस्सा कुणाच्या तरी नावाने अर्पण करणं, चालतं.

आणि नाताळ म्हणजे नुसत्या घंटा आणि करंज्या कुठे आहेत? दुसऱ्याच दिवशी, 26 ला, संत स्टीफनचा सण, ज्याला दगडांनी ठेचून मारलं. 28 ला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा स्मरणदिन. गोठ्यापुढे ज्ञानी लोकांनी आणलेल्या भेटींत गंधरस, एक सुगंधी डिंक, असतो. लहानपणी मला ते अत्तर वाटायचं. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला पुरताना निकदेम जे घेऊन येतो, त्यातही गंधरसच आहे. मोठ्यांना समजवायचंच असेल तर हे सांगा. वाद मात्र घालू नका.

आता व्यवहाराचं. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या धर्मग्रामाच्या, ऑफिसात लवकर जा. 25 च्या मिस्सा आधीच भरलेल्या असतात, शिवाय त्या दिवशी प्रमुख धर्मगुरूंना एक मिस्सा सगळ्या धर्मग्रामासाठी अर्पण करावीच लागते. 26 किंवा 28 मिळाली तरी घ्या. मिस्सा देताना पाकिटात घालतो ते पैसे म्हणजे मिस्सेची किंमत नाही. अडचण असेल तर तसं सरळ सांगा.

आणि नाव वाचलं गेलं नाही तर माझ्यासारखं करू नका. आई गेली त्या वर्षी मी तिचं नाव ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं. चिठ्ठी कुठे गहाळ झाली कोण जाणे, नाव आलंच नाही. दोन दिवस मी धुमसत होतो. शेवटी मावशी म्हणाली, "अरे, देव काय माइकवरनं ऐकतो?"

मिस्सेपेक्षाही एक गोष्ट आधी ठरवा. बाबा नाताळला घरात काय करायचे? तारा टांगायचे, केक कापायचे? ते काम यंदा कोण करणार ते आजच बोलून घ्या, आणि ते करण्याआधी सगळ्यांनी मिळून त्यांचं नाव घेऊन एक 'आमच्या बापा' आणि एक 'नमो मरिया' म्हणा. आमच्याकडे मध्यरात्रीच्या मिस्सेहून आल्यावर गव्हाणीत बाळ येशू आई ठेवायची. ती गेल्यावर कुणी काही बोललं नव्हतं, आणि त्या रात्री कुणाचा हातही पुढे होईना. सकाळी बघतो तर बाळ कापसात गुंडाळलेलं, खोक्यातच.