दात जबड्यात नेमके कशाने धरलेले असतात? हिरड्यांनी की हाडाने?

मी दंतवैद्य आहे. हिरडी की हाड, असं तुम्ही विचारलंय, पण खरं काम करतात ते या दोघांच्या आड लपलेले तंतू.

हिरडी दाताच्या मानेला घट्ट बिलगून असते आणि जंतूंना आत शिरू देत नाही. चावण्याचा भार मात्र ती पेलत नाही. दाताचं मूळ जबड्याच्या हाडातल्या खोबणीत असतं, तरी ते हाडाला चिकटलेलं नसतं. मध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटरची फट असते आणि ती कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंनी भरलेली असते. तंतूंचं एक टोक हाडात रुतलेलं, दुसरं मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरात. हेच पेरिओडॉन्टल लिगामेंट.

बहुतेक तंतू तिरके असतात. खालच्या दाढेत हाडाकडचं टोक वर, मुळाकडचं खाली. घास चावताना दाढ किंचित खाली दबते आणि बाजेवर बसल्यावर सुंभ ताणला जावा तसे हे तंतू ताणले जातात. म्हणून मूळ थेट हाडावर आदळत नाही.

याच लिगामेंटमध्ये दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. भातातला बारीक खडा दाढेखाली आला की जबडा आपोआप थबकतो, तो त्यांच्यामुळे. रूट कॅनल केलेल्या दाढेलाही खडा कळतो, कारण काढलेली नस आतली असते, बाहेरचं लिगामेंट शाबूत असतं. इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवलेला स्क्रू, थेट हाडाशी जुळतो, त्यामुळे तिथे ही जाणीव खूपच कमी.

‘दात साफ केले की हलायला लागतात’ असं पेशंट हमखास म्हणतात. हिरडीखाली कीटण साचून सूज येते, त्यात तंतू आणि हाड हळूहळू नष्ट होतात. दात आधीच सैल झालेला असतो, कीटण निघाल्यावर ते जाणवतं इतकंच. गेलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही. ब्रश करताना रक्त येतंय तेव्हाच दाखवा, दात हलायची वाट पाहू नका.

आणि एक, घरात मुलं असतील तर हे लक्षात ठेवाच. पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात लावू नका, घासू नका. तिथे चिकटलेल्या तंतूंच्या पेशी जिवंत असतात. वरच्या पांढऱ्या भागाला धरून दात उचला, दुधात ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. अर्ध्या तासात बसवला तर तो पुन्हा धरण्याची शक्यता चांगली असते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.