फेरी अर्ध्यात सोडून उठ

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धंच राहिलं. तिकडे धाकटा रडायला लागला आणि ‘मावशी, मग करते’ म्हणून तू फोन ठेवून दिलास. ठेवता ठेवता एवढं मात्र बोललीस, ‘आईची सात पातळं दोन वर्षं झाली पेटीतच आहेत, माझ्याच्यानं एक गोधडी होत नाही.’ ते माझ्या मनातून जात नाही. फोनवर पुन्हा तेच होईल, म्हणून सावकाश बसून लिहिते आहे. तूही एका बैठकीत वाचून संपवायची घाई करू नको.

तू मोकळ्या दिवसाची वाट पाहते आहेस. हरभरा निघाला की, पाहुणे गेले की, धाकट्याचे दात येऊन झाले की. मी पण पाहिली आहे. थोरलीच्या बाळंतपणानंतर मी माझ्या आईची पातळं अशीच जपून ठेवली होती, चार वर्षं. एक दिवस पेटी उघडली तर खळ घातलेल्या पातळाला कसर लागलेली, घडीच्या घडीला भोकं पडलेली. त्या दिवशी पातळ मांडीवर घेऊन खूप रडले. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून सगळ्यात आधी एक काम कर. हे ऊन आहे तोवर सातही पातळं साध्या पाण्यात दोनदा धुऊन खळ पार काढून टाक आणि कडकडीत वाळव. खळीलाच किडा येतो. सुईसुद्धा खळीच्या कापडातून धड निघत नाही. मृग लागला की असं वाळवण व्हायचं नाही.

आता वेळेचं सांगते. माझे आजोबा वर्ध्याचे. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले (आपल्या वर्ध्याजवळचं शेगाव, गजानन महाराजांचं नव्हे, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं), त्या दिवसांत आजोबांनी टकळी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. रोज अर्धा तास सूत. घरात लग्न असो, अंगात ताप असो, अर्धा तास. तुला तो अर्धा तास किती पुरतो ते मोजून दाखवते, कारण मला वाटतं तू कधी मोजलंच नाहीस.

सहावारी पातळ म्हणजे १८ फूट. त्याचे तीन तुकडे केले तर ६ फुटी तीन थर निघतात. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच. दोन पातळांत सहा थर झाले, एका माणसाला हिवाळ्यात पुरेशी गोधडी झाली. एकेक इंच सोडून कडेनं आत आत गोल फेऱ्या घेत गेलीस, तर सगळी शिवण मिळून साधारण १८० हात भरते (हात म्हणजे दीड फूट). सरावाचा हात अर्ध्या तासात चार-साडेचार हात शिवतो. म्हणजे चाळीसेक बैठका. दोन वर्षांत तुला चाळीस अर्धे तास मिळाले नाहीत, असं मला नाही वाटत. तेव्हा गोधडी शिवायच्या स्थितीत समोर नव्हती, म्हणून ते निसटले.

म्हणूनच थर घालण्याचा दिवस वेगळा काढावा लागतो, आणि मोकळा दिवस हवा तो याच कामाला. शिवण मांडीवर होते, थर मांडीवर घालता येत नाहीत. त्याला सहा फूट मोकळी फरशी लागते, दोन बायका लागतात, आणि तीन तास लेकरू दुसऱ्या कोणाकडे लागतं. मुलांना त्या दिवशी तुझ्या जावेकडे पाठव. फरशी पुसून वाळू दे. खालचा थर पसर, चारी कोपऱ्यांवर वजन ठेव. पायली, वरवंटा, जे असेल ते. मग एकेक थर घाल आणि प्रत्येक वेळी मधून कडेकडे हात फिरव, म्हणजे सुरकुती बाहेर निघून जाते. विरलेले, फाटलेले तुकडे मधल्या थरांत, धड असलेले खाली आणि वर. कडा आत दुमडून घे. मग लांब लांब कच्चे टाके: आधी मधोमध एक आडवा, एक उभा, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे, मग वीत-वीत अंतरावर. कडेपासून सुरुवात केलीस तर सगळी सुरकुती मधे गोळा होते आणि ती मग कशानं जात नाही. मी एक गोधडी अशी बिघडवली आहे, तिच्या पोटात अजून गाठोडं आहे.

आणि सुती आणि नायलॉन एकात घालू नको. सुती आटतं, नायलॉन आटत नाही. दुसऱ्या धुण्याला गोधडी पापडासारखी फुगते. शिवाय आपल्याकडचा वैशाख, ४५ अंशांत नायलॉनला कोण पाठ टेकवेल?

कच्चे टाके पडले की ती गोधडी गुंडाळून सहा महिने ठेवलीस तरी थर हलत नाहीत. इथून पुढे काही ठरवायचं उरत नाही, फक्त हात चालवायचा असतो. घरातली बाई थकते ती ठरवून ठरवून थकते. भाजी काय करू, फवारणीचे पैसे कुठून काढू, मास्तरांनी का बोलावलं. त्यात ‘आज गोधडीचं काय करू’ हा आणखी एक प्रश्न नको.

माझ्या सासूबाईंनी मला एक सवय लावली. उठताना फेरी पुरी करून उठायचं नाही. ओळीच्या मधेच, सुईत दोरा असताना, सुई कापडात टोचून उठायचं. मला ते फार विचित्र वाटायचं, मी पुरी करूनच उठायची. पण पुरी झालेली फेरी पुन्हा सुरू करायला दोरा शोधा, नेढ्यात घाला, गाठ मारा, अंतर बघा. त्यात दहा मिनिटं जातात आणि तोवर लेकरू उठतं. अर्धी सोडलेली ओळ बसल्या बसल्या पुढे चालू होते. दोरा मात्र दीड हातापेक्षा जास्त घेऊ नको, गुंता होतो. रीळही एकदमच आण. दुहेरी दोऱ्यानं शिवलंस तर एका गोधडीला २०० मीटर धर. निम्म्यावर तोच रंग हिंगणघाटच्या बाजारात मिळाला नाही म्हणून काम पडून राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. रंग फिका घे. रात्रीची शिवायला बसलीस तर काळा दोरा दिसत नाही.

सुईचं जपून. घरात एकच सुई बाहेर ठेव आणि तिच्या दोऱ्याला लाल लोकरीचा तुकडा बांधून ठेव. माझा मुलगा रांगत होता तेव्हा एक सुई हरवली. रात्रभर आम्ही दोघं कंदील घेऊन फरशीवर हात फिरवत होतो; शेवटी ह्यांनी जुना रेडिओ फोडून त्यातलं लोहचुंबक काढलं आणि पहाटे ती सुई माठाखाली सापडली. ती रात्र आठवली की अजून छातीत धस्स होतं. काम थांबलं की सुईसकट गोधडी उंच फळीवर.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घे, कारण इथेच बहुतेक जणी सोडून देतात. कडेची पहिली फेरी १३ हातांची असते. तिला तीन बैठका लागतात. दुसरीलाही जवळपास तेवढ्याच. आठवडा होतो आणि बघावं तर कडेला दोन रेघा, बाकी सगळं मैदान मोकळं. बाईला वाटतं, आपल्याच्यानं होत नाही. पण आत सरकावं तशी फेरी लहान होत जाते. एकूण फेऱ्या बावीस-तेवीस होतात, आणि त्यांतल्या पहिल्या आठ फेऱ्यांतच निम्मी शिवण होऊन जाते. फेऱ्या मोजशील तर तिसरा हिस्सा वाटेल, हातानं मात्र अर्धं काम केलेलं असतं. शेवटच्या शेवटच्या फेऱ्या एकेका बैठकीत उरकतात. तेव्हा पहिल्या आठ फेऱ्या होईतो स्वतःला काही विचारू नको.

हंगामाशी भांडू नको. आपली गोधडी उन्हाळ्याच्या दुपारची. अकरा ते चार शेतात कोणी जात नाही, लेकरं कूलरपुढे पडलेली असतात, तेव्हा अर्धा तास निघतो. हाताला घाम येतो, सुई निसटते. बोटांना थोडी पावडर लाव. अक्षय तृतीयेच्या आधी थर घातले, तर मृगापर्यंत वीस बैठका आरामात होतील. सगळे दिवस मिळणार नाहीत, लग्नं आहेत, पापड-सरगुंडे आहेत, ते धरूनच वीस म्हणते. वीस म्हणजे आठ फेऱ्या. मग पेरणी, डवरणी, निंदण. आषाढ-श्रावणात गोधडीला हात लावायचा नाही. कडुनिंबाचा पाला घालून, कोरड्या धोतरात बांधून वर ठेवून दे आणि मनातूनही बाजूला काढ. दिवसभर वाकून निंदलेल्या बाईनं रात्री गोधडी झाली नाही म्हणून जीव जाळावा, हे मला पटत नाही. पोळा झाला की पुन्हा काढ. कापूस फुटायच्या आत उरलेल्या वीस बैठका होतात. वेचणीत मात्र शिवू नको. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली असतात, त्यात सुई गेली की पाणी येतं डोळ्यांत.

तुझ्याकडे शेतातल्या पंपाला रात्रीची लाईन असते ना? जावई ओलिताला गेले की तू जागीच असतेस, हे मला ठाऊक आहे. नुसतं दाराकडे बघत बसण्यापेक्षा मांडीवर गोधडी घे. त्या वेळेला हाताला काही काम असलं की काळजी कमी होते, हे मी माझ्या अनुभवानं सांगते. पण डोळे मिटायला लागले तर ठेवून दे. झोपेत घातलेला टाका सकाळी उसवावाच लागतो.

बाहेर न्यायला वेगळं काम ठेव. कोपऱ्यांची तिकोनी ठिगळं, कडेच्या पट्ट्या, हे एका बटव्यात. बचत गटाची बैठक, दवाखान्याची रांग, एस.टी.ची वाट, तिथे दोन-दोन ठिगळं जोडून होतात. मोठी गोधडी घराबाहेर नेऊ नको, मळते.

तुझ्या सासूबाई म्हणतात की बाजारात मऊ ब्लँकेट स्वस्त मिळतं, या चिंध्या कशाला. त्यांच्याशी वाद घालू नको. ब्लँकेट आणावं, वापरावं, त्यात काही वाईट नाही. पण चिंध्या म्हणून कोणी हिणवलं तर मनाला लावून घेऊ नको. आपल्याच विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा ठिगळाठिगळांचं वस्त्र अंगावर घालून गावोगाव झाडत फिरले, लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. ठिगळात कमीपणा असता तर त्या माणसापुढे एवढी माणसं वाकली नसती. आणि एक करून बघ. सासूबाईंना चष्मा लावून कडेची एक ओळ घालायला सांग. त्यांच्या काळात त्यांनी वीस-पंचवीस गोधड्या शिवल्या असतील, आता कोणी विचारत नाही म्हणून त्या तशा बोलतात. त्यांचा टाका तुझ्याहून बारीक निघेल. त्यांचा हात लागला की गोधडी त्यांचीही होईल आणि तुझा अर्धा तास त्याच राखतील. मोठीला नेढ्यात दोरा ओवायला दे, तुझ्याजवळ बसून. तिचे टाके वाकडे आले तर उसवू नको.

सात पातळांत तीन गोधड्या होतील, पण एकीचेच थर घाल. तीन मांडशील तर तिन्ही अडून बसतील. पहिलीला तुझ्या आईची रोजची, विटलेली पातळं घे. ती मऊ असतात, सुई लोण्यात गेल्यासारखी जाते, आणि कात्री लावताना तुझा हात कमी थरथरेल. लग्नातलं जांभळं राहू दे, ते कापायचं की नाही ते पुढे बघू.

मी अक्षय तृतीयेच्या आधीच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते. थर आपण दोघी घालू. सुया आणि मेण मी आणते, तू फक्त पातळं धुऊन, वाळवून, उन्हाचा वास असताना घडी करून ठेव. त्यांत एक शेवाळी रंगाचं असेल, त्याच्या पदराला तपकिरी डाग आहे. तो बिब्ब्याचा आहे. तुझी आई आणि मी वेचणीला गेलो होतो, माझ्या पायात काटा मोडला आणि तिनं तिथेच बांधावर बसून बिब्बा लावून दिला, तेव्हा पडला. तो निघत नसतो, घासत बसू नको. ते पातळ वरच्या थराला घालू.

धाकट्याला पापा.

तुझी,
मावशी