लेट्रोझोल लागू पडली नाही, असं इतक्यात ठरवू नका

तुम्हाला पीसीओएस (हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर न फुटण्याचा त्रास) आहे आणि पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते. बीज वाढावं म्हणून देतात ती लेट्रोझोलची २.५ मिग्रॅची गोळी पाच दिवस घेतली, बीज फुटण्याची वेळ ओळखणारं ओव्ह्युलेशन किट आठवडाभर पॉझिटिव्ह येत राहिलं आणि २८व्या दिवशी प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह आली. आता थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करावं का, असं विचारलंय. पण त्याआधी एक गोष्ट कळायला हवी: या चक्रात बीज फुटलं की नाही? फुटलंच नसेल तर डोस बदलायचा असतो. फुटूनही गर्भ राहिला नसेल तर औषधाने त्याचं काम केलंय, अडचण दुसरीकडे शोधायची.

किटवरून हे कळणार नाही. किट एलएच (बीज फुटण्याआधी वाढणारं संप्रेरक) मोजतं आणि पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढा असू शकतो, म्हणून रेषा रोज गडद दिसते. खरं उत्तर फॉलिक्युलर स्टडीत, म्हणजे सोनोग्राफीने बीजाची वाढ बघत राहण्यात, मिळतं. गोळ्या पाळीच्या ३ऱ्या ते ७व्या दिवसापर्यंत घेतल्या असतील तर १०व्या-११व्या दिवशी पहिली सोनोग्राफी करतात. एखादं फॉलिकल (बीज वाढतं ती पिशवी) बाकीच्यांना मागे टाकून पुढे आलं की ते रोज साधारण २ मिमी वाढतं. १८ ते २० मिमीच्या आसपास बीज फुटण्यासाठीचं ट्रिगर इंजेक्शन देतात आणि त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज फुटतं. संबंध त्या दिवशी आणि आदल्या दिवशी ठेवावेत. फुटून गेल्यावर बीज जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू मात्र काही दिवस तग धरतात. गर्भाशयाच्या अस्तराची जाडीही त्याच वेळी बघून घेतात.

सोनोग्राफी जमली नसेल तर प्रोजेस्टेरॉनची (बीज फुटल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाची) रक्ततपासणी करा, पण डोळे मिटून २१व्या दिवशी नको. तो दिवस २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. तुमचं बीज २५व्या दिवशी फुटणार असेल तर २१व्या दिवशीचा आकडा कमीच येणार आणि उगाच धास्ती बसणार. बीज फुटल्यावर सुमारे सात दिवसांनी तपासायचं. प्रति मिली ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं तर फुटलं समजा.

सगळी फॉलिकल्स १० मिमीखालीच अडकली असतील तर डॉक्टर ५ आणि गरज पडल्यास ७.५ मिग्रॅपर्यंत जातात. २.५वर काही झालं नाही म्हणून निराश होण्याचं कारण नाही, ती फक्त पहिली पायरी आहे. उलट तीन-चार फॉलिकल्स एकदम मोठी झाली तर ते चक्र सोडून द्यायला सांगतात. जास्त बीजं म्हणजे जास्त संधी असं वाटतं खरं, पण जुळी-तिळी राहण्याचा धोका गंभीर असतो. पुढची फेरी सुरू करण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह असल्याची खात्री करा. पीसीओएसमध्ये थोडंसं रक्त गेलं म्हणजे पाळीच आली असं नसतं.

दरम्यान नवऱ्याची वीर्यतपासणी झालीय का? त्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळून नमुना द्यायचा असतो, तपासणी सोपी आहे, तरी महिनोन्‌महिने राहून जाते. टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं संप्रेरक) आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची साखर-तपासणीही उरकून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम; मधुमेह असेल तर डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. वजन जास्त असेल तर ५ टक्के उतरल्यानेही काहींची पाळी सुधारते. गर्भनळ्यांचा एक्स-रे सुरुवातीलाच किंवा बीज फुटूनही तीनेक चक्रं रिकामी गेल्यावर करतात.

आयव्हीएफचा विचार सहसा बीज नीट फुटलेली सहाएक चक्रं झाल्यावर होतो. नळ्या बंद असतील, वीर्याचा अहवाल फारच खराब असेल किंवा वय पस्तिशीपुढे असेल तर लवकर. तेव्हा पीसीओएस असल्याचं लक्षात ठेवून ओव्हरी सुजण्याचा धोका कसा टाळणार, हे विचारा: अँटागोनिस्ट पद्धत (बीज वेळेआधी फुटू नये म्हणून औषध देण्याची), एचसीजी या गर्भधारणेतल्या संप्रेरकाऐवजी अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर आणि सगळे भ्रूण गोठवून ठेवणं, ही त्याची नेहमीची उत्तरं.

एक राहिलं. एचसीजीचं ट्रिगर घेतलं असेल तर १४ दिवसांच्या आत घरी टेस्ट करू नका, इंजेक्शनमुळेच दोन रेषा दिसू शकतात. आणि प्रोजेस्टेरॉन चालू असेल तर पाळी लांबली म्हणून हुरळू नका, त्या गोळ्याही पाळी अडवून धरतात.