आजूबाजूचं सगळं विरोधात असताना देवाशी निष्ठावान कसं राहायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव निपाणीकडं आहे, नोकरी बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये आहे आणि घरात येशूवर विश्वास ठेवणारे तुम्ही एकटेच आहात. खंडेनवमीला मशीनची पूजा करायला नकार दिलात म्हणून कामावर ‘बाटगा’ म्हणून हिणवतात. जत्रेला गावी गेलं की आई नैवेद्याचं ताट पुढं करते आणि घेतलं नाही की रडते. शेवटची ओळ तुम्ही वडिलांविषयी लिहिली आहे. तिच्याकडं मी शेवटीच येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं.

मी जन्मानं ख्रिस्ती, मूळचा खानापूर तालुक्यातला. उमेदीची सगळी वर्षं उद्यमबागेतच गेली, आधी लेथवर आणि मग मिलिंगवर. त्यामुळं खंडेनवमी मला ठाऊक आहे. घरच्यांना सोडून एकट्यानं विश्वास धरणं म्हणजे काय ते मात्र मी सोसलेलं नाही. ते ज्यांनी सोसलं त्यांच्याविषयी पुढं लिहितो.

तुमच्या प्रश्नावरून असं दिसतं की रोज सकाळी गेटमधून आत शिरताना तुम्ही लढाईच्या तयारीनं शिरता. प्रत्येक गोष्टीत आपण कमी पडतोय का, वाकतोय का, हेच डोक्यात चालू असतं. असं फार दिवस जगता येत नाही, माणूस थकतो. म्हणून आधी बायबलमधल्या दानीएलाकडं पाहा, त्यानं काय नाकारलं आणि काय नाकारलं नाही ते.

इसवी सनापूर्वी 605 च्या सुमाराला बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमेतली चांगल्या घरची पोरं धरून नेली. तीन वर्षं त्यांना खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या शिकवायची आणि मग दरबारात उभं करायचं, असा बेत होता. त्यांची नावंही बदलली. दानीएलाचं बेल्टशस्सर झालं, त्याचे मित्र हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या हे शद्रख, मेशख आणि अबेद्नगो झाले. राजा स्वतः म्हणतो की दानीएलाला दिलेलं नाव माझ्या देवाच्या नावावरून आहे. म्हणजे मूर्तिपूजक राजाच्या दैवताचं नाव या पोराच्या कपाळी चिकटवलं, आणि त्या नावानं हाक मारली की दानीएल ‘ओ’ देत होता. ती भाषा शिकला, ती विद्या शिकला, परीक्षेत सगळ्यांच्या वर आला. पुढं राज्यं बदलली तरी दरबाराची चाकरी त्यानं म्हातारपणापर्यंत चोख केली. अडला तो राजाच्या ताटातल्या जेवणावर आणि द्राक्षारसावर.

बेळगावात राहणाऱ्यानं इथं जरा थांबावं. आपल्या भागात भाषेसाठी आणि नावासाठी माणसं आयुष्य वाहतात. 2014 च्या 1 नोव्हेंबरला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. दरवर्षी त्याच तारखेला शहरात एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या बाजूला मराठी माणसं काळा दिवस पाळतात. मी मराठी आहे, घरात मराठीतच प्रार्थना करतो आणि पोरांना मराठी वाचता यावं यासाठी मी जीव तोडून झटलो. तरी दानीएलाची गोष्ट मला दरवेळी विचारते की तुझा देव आणि तुझी भाषा तू एकाच पाटावर बसवलीस का? कन्नड बोलावं लागलं किंवा पाटीवरचं नाव बदललं म्हणून माझा विश्वास बाटत नाही. त्यासाठी भांडायचं असेल तर नागरिक म्हणून भांडावं. देवाशी निष्ठा ही जागा वेगळी आहे आणि ती फार रुंद नाही. ती कुठं आहे हे एकदा शांतपणे बसून ठरवलंत, की बाकीच्या शंभर गोष्टींत तुम्हाला मोकळेपणी वागता येईल.

ठरवल्यावर दानीएल कसा वागला तेही पाहा. त्यानं ताट भिरकावलं नाही. तो दरबारच्या अधिकाऱ्याकडं गेला आणि परवानगी मागितली. अधिकारी म्हणाला, तुम्ही वाळलेले दिसलात तर राजा माझं डोकं उडवील. दानीएलानं ती भीती मनावर घेतली. मग देखरेख करणाऱ्या माणसाला तो म्हणाला, दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा, नंतर तुम्हीच ठरवा. तुमच्या सुपरवायझरच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलं आहे. ऐन पूजेच्या वेळी, सगळ्यांसमोर, हार घातलेल्या मशीनपुढं तुम्ही ‘मी करणार नाही’ म्हणालात तर त्याची काय अवस्था होत असेल याचा विचार करा.

म्हणून दसऱ्याच्या आधी, घाई नसलेल्या दिवशी, मालकांना एकटं गाठा. मी माझ्या मालकांशी असंच बोललो होतो. मशीन आदल्या दिवशी मीच धुऊन-पुसून, बुरादा काढून, ऑइल लावून लखलखीत करीन, शेड झाडीन, येणाऱ्यांना चहा देईन. पूजेच्या वेळी मागं गप्प उभा राहीन. मात्र नारळ फोडणार नाही आणि आरती ओवाळणार नाही, कारण माझं मस्तक एकाच देवापुढं वाकतं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “नारळ फोडायला दुसरा हाय की. तू उभारशील न्हवं?” मी म्हटलं, उभारतो. त्यानंतर तो विषय निघाला नाही. तुमचे मालक असेच निघतील अशी हमी मी देऊ शकत नाही. पण आधी, एकांतात आणि आदरानं सांगितलेल्या नकाराला फार कमी माणसं अपमान समजतात.

नुसतं उभं राहणं म्हणजे भित्रेपणा, असं तुम्हाला कुणी म्हणेल. दूरा नावाच्या मैदानात साठ हात उंच सोन्याच्या मूर्तीपुढं सगळे पालथे पडले, तेव्हा ते तिघं मित्रही सरकारी चाकर होतेच. वाकले नाहीत इतकंच. मूर्तीवर दगड मारल्याचं किंवा वाकणाऱ्यांना शिव्या दिल्याचं तिथं कुठंच लिहिलेलं नाही. राजानं भट्टीची धमकी दिल्यावर त्यांचं उत्तर असं होतं की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं सोडवलं नाही तरी आम्ही वाकणार नाही. ‘सोडवलं नाही तरी’ हे ज्याला मनापासून म्हणता येतं त्याला आवाज चढवावा लागत नाही. आपल्या देशातलंही एक उदाहरण आहे. केरळमधली तीन शाळकरी भावंडं यहोवाच्या साक्षीदारांपैकी होती. ती राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण श्रद्धेमुळं गात नसत. शाळेनं काढून टाकलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1986 मध्ये न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. ती आदरानं उभी राहत होती, हे त्या निकालात महत्त्वाचं ठरलं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तुमची भीती मला समजते. 2021 च्या डिसेंबरात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटकच्या विधानसभेत मंजूर झालं ते इथंच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. त्या दिवसांत आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक घरगुती प्रार्थनेलासुद्धा बिचकत होते. पुढं त्या कायद्याचं राजकारण बरंच झालं, तुम्हाला त्यातलं एवढंच पुरे: तो बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांच्या विरोधात मांडला होता, आणि या तिन्ही गोष्टी ख्रिस्ती माणसाला तशाही निषिद्धच असायला हव्यात. स्वतःचा धर्म पाळण्याचा हक्क संविधानाच्या 25 व्या कलमानं दिला आहे. काही लपूनछपून करू नका, कुणाला कशाची लालूच दाखवू नका. कुणी मनापासून विचारलं तर सांगा.

मला जास्त काळजी वाटते ती कामाची. दानीएलाच्या वैऱ्यांनी आधी त्याच्या कारभारात खोट शोधली. सापडली नाही, म्हणून राजाकडून फर्मान काढून घेतलं की तीस दिवस राजाशिवाय कुणाकडंही काही मागायचं नाही. म्हणजे त्याला अडकवायला त्यांच्याकडं त्याच्या प्रार्थनेशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. तुमच्या जॉबचं माप नेहमी बरोबर येऊ द्या. दुसऱ्याचा जॉब रिजेक्ट झाला तर सगळं त्याच्यावर ढकलून मोकळे होऊ नका. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला टूल नीट लावून द्या. जे आज ‘बाटगा’ म्हणतात त्यांच्यापैकी निम्म्यांची जीभ यानंच आटोपेल. उरलेल्यांची नाही आटोपणार, आणि ते सोसावं लागेल. त्या फर्मानानंतर दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेकडच्या उघड्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला, पूर्वी करत होता तसंच. त्या दिवशी दाखवण्यासाठी त्यानं खिडकी उघडली नव्हती, ती सवय जुनी होती. तुमचीही रोजची वेळ आत्ताच ठरवून टाका. फर्स्ट शिफ्ट असेल तर पहाटे, सेकंड असेल तर निघण्याआधी. संकट आल्यावर प्रार्थना शिकायला बसलं तर ती जमत नाही.

आता आईचं ताट. मला हे खंडेनवमीपेक्षा अवघड वाटतं, कारण हिणवणाऱ्यापुढं मान ताठ ठेवता येते, रडणाऱ्या आईपुढं नाही. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे 8 ते 10 हे अध्याय सलग वाचा. मूर्ती काही नव्हे हे तो मान्य करतो, बाजारात विकलं जाणारं चौकशी न करता खा म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा म्हणतो. पण ‘हे देवाला वाहिलेलं आहे’ असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी ते खाऊ नका, असंही तो लिहितो. म्हणजे आईच्या हातचं सगळं तुमचंच आहे, त्या एका ताटाखेरीज. जत्रेच्या दिवशी टाळाटाळ करून बेळगावातच थांबू नका. आधीच जा. विहिरीचं पाणी भरा, पाहुण्यांची उठबस करा, आणि स्वयंपाकघरात आई एकटी असताना तिचा हात धरून सांगा, “आई, तेवढं सोडून तुझ्या हातचं काहीही दे.” ती रडेल. रडू दे. उठून जाऊ नका.

मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी इथलेच, 1831 मध्ये बेळगावात जन्मले आणि 1854 मध्ये त्यांचा बाप्तिस्माही इथंच झाला. त्या काळी त्याचा अर्थ घर, जात, पंगत सगळं तुटणं असाच होता. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत आल्या नाहीत. मधली वर्षं ताटातुटीत गेली आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःचं मन वळल्यावर. घरच्यांच्या बाबतीत घाई करू नका, हे मी या दोघांकडं बघून सांगतो. टिळकांनी भजनं लिहिली ती अभंगाच्या आणि ओवीच्या चालीत. आजही आमच्याकडं ती टाळ-पेटीवर म्हणतात. ख्रिस्ती झालात म्हणजे मराठीपण गावाच्या वेशीवर ठेवून आलात, असं तुम्हाला कुणी म्हटलं तर त्याला रविवारी उपासनेला बोलवा.

आणि तुम्हीही एकटे राहू नका. राजानं स्वप्न ओळखायला सांगितलं तेव्हा दानीएल राजाकडून वेळ मागून घेऊन त्या तिघा मित्रांकडं गेला होता. मंडळीत अशी दोन-तीन माणसं शोधा, ज्यांना रात्री फोन करता येईल. एखाद्या वर्षी धीर सुटला आणि नारळ फोडून मोकळे झालात, तर त्यांनाच सांगा. येशूचा शिष्य पेत्र तर प्रभूला ओळखत नाही असं तीनदा म्हणाला होता, आणि त्याच पेत्रावर प्रभूनं आपली मेंढरं सोपवली.

आता वडील. तुम्ही लिहिलंय, ‘ते आजारी आहेत, मी एकुलता एक मुलगा आहे, अग्नी मी द्यायचा का?’ याला माझं उत्तर आहे, पण तुमच्या चर्चच्या पाळकांचं मत वेगळं असू शकतं, त्यांनाही विचारा. अरामी सेनापती नामान खऱ्या देवावर विश्वास ठेवून परत निघाला, तेव्हा त्यानं संदेष्टा अलीशाला विचारलं होतं: माझा धनी आमच्या रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागेल, तेवढं परमेश्वर क्षमा करील का? अलीशानं त्याला नियम सांगत बसण्याऐवजी ‘शांतीने जा’ म्हटलं. मी तुमच्या जागी असतो तर खांदा दिला असता, अग्नी दिला असता, खर्च उचलला असता आणि तेराव्यापर्यंत घरात राहिलो असतो. जन्मदात्याच्या देहाची ती मुलानं करायची शेवटची सेवा आहे. पिंडदान आणि त्यापुढचे विधी मी केले नसते, ते चुलत्यानं किंवा पुतण्यानं करावेत म्हटलं असतं. हे त्या दिवशी भाऊबंदांच्या गराड्यात सांगू नका. वडिलांना अजून बोलता येतंय. या दिवाळीला गावी जाल तेव्हा त्यांच्या उशाशी बसून त्यांनाच विचारा की त्यांना काय हवंय, आणि तुम्ही कुठवर करू शकता ते त्यांना सांगा. चुलत्यांना त्यांनीच सांगितलं तर नंतर तुमच्याकडं कुणी बोट दाखवणार नाही. आणि त्यांनी ऐकून घेतलं नाही, तरी बोलून आलेले असाल.