जमखंडीचे ग्रहण आणि कादंबरीतील यंत्र

प्रश्न : कित्तूरच्या १८२४ च्या संग्रामावर मी कादंबरी लिहीत आहे. बेळगावात अभियांत्रिकी शिकणारा एक तरुण कालयंत्रातून राणी चन्नम्मांच्या काळात जातो आणि त्यांच्या सैन्याला आजच्या बंदुका देतो, अशी कल्पना आहे. दीडशे पाने झाली आहेत. आमच्या वाचनालयातील मित्रांनी ती वाचून ‘यात धड इतिहास नाही आणि धड विज्ञानही नाही’ असे सांगितले. चूक कोठे झाली असावी?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या मित्रांचा अभिप्राय कठोर आहे, पण तो मला पटतो. आपल्या नायकाला सगळे आधीच ठाऊक आहे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या वेशीवर मारला जाणार, डिसेंबरात कंपनीची फौज पुन्हा चालून येऊन किल्ला घेणार आणि राणींचा शेवट १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत होणार, हे त्याला पाठ आहे. त्यामुळे त्या काळातली माणसे त्याच्यापुढे विद्यार्थी होऊन बसतात आणि तो शिक्षक होतो. राणींनी दत्तकाच्या हक्कासाठी घेतलेला निर्णय, त्यामागचा हिशेब, भीती आणि हट्ट हे सारे बाजूला पडून संग्राम बंदुकांच्या संख्येवर येऊन ठेपतो.

बंदुकांचे म्हणाल, तर विज्ञानही तेथेच अडखळते. आजच्या रायफलीची काडतुसे संपली की ती निव्वळ लोखंडाची काठी उरते. १८२४ चे बारूदखाने तोड्याच्या बंदुकांनंतर आलेल्या, गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या बंदुकांसाठी सोरा, गंधक आणि कोळसा कुटून दारू करीत असत. आजच्या काडतुसाला लागणारे पितळी कवच, टोपीतले स्फोटक आणि धूरविरहित दारू यांतले काहीच तेथे घडवता येणारे नव्हते. एक वस्तू भूतकाळात नेली, की तिच्यामागचा अख्खा कारखाना न्यावा लागतो. आपण तो नेला नाही, म्हणून वाचकाला ती जादू वाटली.

बदल करायचाच असेल, तर तो काडीइतका लहान असावा आणि त्याची किंमत मोठी असावी. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर काय झाले असते, एवढ्या एका कल्पनेवर जयंत नारळीकरांनी कथा उभी केली, ती याच जाणिवेने. मात्र याहूनही अवघड आणि माझ्या मते अधिक फलदायी वाट वेगळी आहे : जेथे विज्ञान इतिहासातच घडले आहे, तो प्रसंग शोधावा. असा प्रसंग आपल्या शेजारीच आहे.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून दाखवणारे यंत्र, घेऊन जमखंडीत थांबला होता. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. जमखंडी आज बागलकोट जिल्ह्यात आहे, त्या वेळी ते पटवर्धनांचे संस्थान होते. श्रावण-भाद्रपदातले ढग आड येत होते. तरीही त्यांच्या फटीतून सूर्याच्या कडेवर उसळलेल्या ज्वालांच्या प्रकाशात त्याला लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या. अशा सुट्या ठळक रेषा तप्त वायूच्या प्रकाशात दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हे तेथे डोळ्यांनी दिसले. नारिंगी रेषेजवळच सोडियमच्या रेषाही असतात, म्हणून पुढे बराच घोळ झाला. ती हेलियमची निघाली आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडले.

आता याच गावातला जोशी डोळ्यांपुढे आणा. ग्रहण होणार हे त्याच्या पंचांगाने आधीच सांगितले होते. गणेश दैवज्ञांच्या १५२० मधील ‘ग्रहलाघव’ ग्रंथाची परंपरा या मुलखात चालत आलेली होती आणि त्या रीतीत ज्या-कोज्या (त्रिकोणमितीतले साइन-कोसाइन) न वापरताही ग्रहणाची वेळ घटी-पळांत काढता येत असे. एक घटी म्हणजे २४ मिनिटे आणि एक पळ म्हणजे २४ सेकंद. साहेब सेकंद मोजत होता आणि जोशी पळे मोजत होता. दोघेही आकाशाकडे एकाच कारणासाठी पाहत होते. अज्ञानी कोणीच नव्हता. कल्पना करा, की जोशाच्या मोडी बाडात त्या दिवशी चौथ्या रेषेची नोंद सापडते, आणि ती रेषा आजच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळत नाही. ही चौथी रेषा माझी, हवी तर आपण घ्यावी. येथे आपल्या विज्ञानकल्पनेला जागा मिळते आणि इतिहासाचे एक पानही फाडावे लागत नाही.

प्रश्न : आमच्या भागातील ऐतिहासिक पात्रे कन्नड बोलत असत. मराठी कादंबरीत त्यांची भाषा कशी ठेवावी?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मोडकी मराठी मुळीच नको, त्याने माणूस हास्यास्पद होतो. संवाद सरळ मराठीत लिहावेत आणि कोण कोणत्या भाषेत बोलतो हे प्रसंगातून कळू द्यावे. संस्थानाचा कागद मोडीत, बाजारातला भाव कन्नडात आणि साहेबाचा दुभाषी दोन्हींत अडखळणारा, ही आपल्याकडची रोजची तऱ्हा आहे. तीच कथेला उपयोगी पडते. भविष्यातून आलेल्या पात्राला तर हा दुभाषीच पहिला अडथळा व्हायला हवा.

प्रश्न : अशा लेखनासाठी अभ्यास किती करावा?
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : आपले पात्र ज्या गोष्टीला हात लावते, तेवढ्या गोष्टीचा पुरेपूर. उदाहरण घड्याळाचे घ्यावे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली आणि ती ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे. बेळगाव ७४.५ अंशांच्या आसपास असल्यामुळे, दर अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने, तेथील सूर्याची सरासरी वेळ प्रमाणवेळेपेक्षा ३२ मिनिटे मागे असते. जमखंडी थोडी पूर्वेला असल्याने तेथे हा फरक सुमारे २९ मिनिटांचा येतो. मनगटी घड्याळ न बदलता आजचा माणूस १८६८ च्या जमखंडीत उतरला आणि हर्शेलने आपल्या वहीत लिहिलेल्या वेळेवर हजर राहायला निघाला, तर ती वेळ त्याच्या घड्याळात झाली म्हणून तो पोहोचेल, तेव्हा ग्रहणाला अजून जवळजवळ अर्धा तास बाकी असेल. तेवढ्या वेळात तो जोशाच्या ओसरीवर बसू शकतो.