चिअरलीडर : नोकरदार की हौशी कलाकार?

प्रश्न : आयपीएलच्या पहिल्या वर्षी बंगळूरच्या सामन्यांत अमेरिकी चिअरलीडर नाचल्याचे आठवते. माझी भाची आता डॅलसला राहते. तिथल्या काउबॉइज संघाच्या चिअरलीडरना फार तुटपुंजे पैसे मिळतात, असे ती म्हणते. हे खरे आहे का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपल्या भाचीने सांगितलेले परवा-परवापर्यंत अगदी खरे होते. (२००८ मध्ये बंगळूरला आल्या होत्या त्या वॉशिंग्टनच्या संघाच्या मुली, डॅलसच्या नव्हेत.) अंडाकृती चेंडू हातात धरून पळण्याच्या अमेरिकन फुटबॉलमधील डॅलसचा संघ १९६० चा. सुरुवातीला तिथे शाळकरी मुले-मुली घोषणा देत. १९७२ मध्ये मात्र नृत्यात तयार झालेल्या तरुणींचे पथक उतरले आणि गाठ मारलेले निळे पोलके, चांदण्या लावलेले पांढरे जाकीट व आखूड पांढरी विजार हा त्यांचा वेश संघाइतकाच ओळखीचा झाला.

या मुलींचे काम सामन्याच्या दिवसापुरते नसते. आठवड्यातील बऱ्याच संध्याकाळी तालीम असते, आणि हवेत उंच उडी घेऊन दोन्ही पाय फाकवून थेट जमिनीवर बसण्याची जी चाल प्रेक्षक डोळे विस्फारून पाहतात, ती खुब्याचे आणि कमरेचे दुखणे मागे लावणारी आहे. तरीही दिवसा दुसरी नोकरी करणे बहुतेकींना भागच पडे. २०१८ मध्ये डॅलसच्या एका माजी चिअरलीडरने कमी वेतनावरून संघावर खटला भरला, तेव्हा मुखवटा चढवून मैदानात गमती करणाऱ्या ‘राउडी’ला वर्षाला सुमारे ६५ हजार डॉलर मिळतात, हे तिने तुलनेसाठी मांडले. मला तरी हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. तो खटला पुढे तडजोडीने मिटला.

अशा खटल्यांची वाट कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंडच्या संघाच्या चिअरलीडरनी आधीच पाडली होती. २०१४ मधील त्यांचा वेतनाचा दावा १२.५ लाख डॉलरवर मिटला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा करून व्यावसायिक संघांच्या चिअरलीडरना कर्मचारी ठरवले, म्हणजे किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला हा त्यांचा हक्क झाला. हा कायदा अर्थात त्या राज्यापुरताच. डॅलस आहे टेक्सासमध्ये. तिथे मुलींनी स्वतःच एकजुटीने बोलणी केली आणि २०२५ मध्ये वेतनात सुमारे ४०० टक्के वाढ झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे हौस म्हणून भागवण्याचे दिवस सरले; पण नोकरीची शाश्वती अजूनही नाही, कारण चार-चार वर्षे नाचलेल्या मुलीलाही दर वर्षी नवख्यांच्या रांगेत उभे राहून निवड चाचणी नव्याने द्यावी लागते.